किताहामाबाईंचं स्टूल

सेंगकांग, सिंगापूर
शनिवार, दुपार

प्रिय अनू,

फोन केला की तू 'बरी आहे' म्हणतेस आणि लगेच फोन कुशलकडे देतेस, म्हणून शेवटी कागद घेतला. तुझा मुलगा मला सगळं सांगतो. नवा गुडघा बसवून चार महिने झाले, डॉक्टर म्हणतात चाला, फिरा, जिने चढा, आणि तू दिवाणावर महाराणीसारखी बसून असतेस. फाटकाबाहेर पाऊल म्हणून टाकत नाहीस. पण घाबरू नकोस, तुझ्या गुडघ्याबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. दुसऱ्याच एका गुडघ्याबद्दल लिहिणार आहे.

आपली जाई आता बॅडमिंटन शिकते. कम्युनिटी क्लबचा हॉल इथून दोन स्टेशनं लांब, आणि दर शनिवारी तिला सोडायचं काम वरुणने माझ्यावर टाकलंय. खरं तर नातच मला सांभाळून नेते. मी एकटा एलआरटीत बसलो की खिडकीबाहेर बघत कविता म्हणत राहतो, आणि गाडी गोल फिरून मला पुन्हा घराखालच्या स्टेशनवर आणून सोडते. तुला माहीतच आहे, पाठ्यपुस्तकाबाहेरची कविता मी कधी वाचली नाही आणि आतली एकही विसरलो नाही.

पहिल्याच शनिवारी घोटाळा झाला. वर्गाला वेळ होता, जाई मैत्रिणींत रमली, म्हणून मी शेजारच्या हॉकर सेंटरमध्ये चहाला गेलो. खाणाऱ्यांची ही गर्दी, आणि मधोमध एक टेबल चक्क रिकामं, वर टिश्यूचं कोरं पाकीट. मला गहिवरून आलं. म्हटलं, काय हा देश, येणाऱ्याच्या घामाचीसुद्धा काळजी घेतो. बसलो, पाकीट फोडलं, कपाळ पुसलं, चष्मा पुसला, शेवटी नाकही मोकळं केलं. तेवढ्यात नूडल्सचा वाडगा घेऊन एक जपानी बाई आली. तिने पाकिटाकडे बघितलं, माझ्या नाकाकडे बघितलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. बिचारीला जागा हवी असेल म्हणून मी मोठ्या मनाने समोरची खुर्ची दिली. जाईने नंतर कपाळावर हात मारला. "आजोबा, दॅट वन चोप लाह!" चोप म्हणजे जागा धरून ठेवणं, आणि इथे ती टिश्यूच्या पाकिटाने धरतात. अनू, मिरजेच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून तुझ्यासाठी जागा धरणारा मी, आणि मीच परक्या बाईच्या रुमालात नाक शिंकरलं! वर ती बाई निघाली जाईची कोच, सायुरी किताहामा, एके काळची जपानची विजेती.

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही एकाच टेबलाशी बसतो. पाकीट आता मी नेतो. माझं शाळामास्तरी इंग्रजी आणि तिचं मोजकं, पण छान जमतं. मी तिला चांदोबाची कविता इंग्रजीत समजावून सांगितली, ती डोळे मिटून ऐकत होती. नंतर कळलं, पेंगत होती. उत्तरेकडच्या एका खेड्यातली ती, वडिलांचं टोफूचं दुकान. शाळेच्या हॉलमध्ये शेगडी एकाच टोकाला असायची. ज्याचं शटल चुकेल त्याने ते आणायला गारठलेल्या टोकाला जायचं. थंडी सोसेना, म्हणून ही चुकायचीच थांबली. देशाचं अजिंक्यपद दोनदा जिंकली. मग जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी, तिसरा गेम, दोनच गुण हवे होते. स्मॅश मारायला उडाली आणि खाली आली तेव्हा गुडघा निकामी झालेला. कोर्टाला नमस्कार केल्याशिवाय बाहेर पडायचं नाही ही त्यांची रीत. हिने तो स्ट्रेचरवरून पडल्या पडल्या केला.

शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी खेळा म्हणून सांगितलं, पण हिने पुन्हा रॅकेट धरली नाही. हॉलमध्ये स्टुलावर बसून हाताने शटल फेकायची आणि तोंडाने शिकवायची. शिकवायची उत्तम, पण एखादं शटल तिच्याकडे आलंच, तर गांधीलमाशी आल्यासारखी मान खाली घालायची. गेल्या महिन्यात न राहवून मी कारण विचारलं. ती म्हणाली, "गुडघा बरा झाला, आजोबा. मी नाही झाले."

आता अशा वेळी म्हणायची कविता आपल्या पाठ्यपुस्तकात नव्हती गं. पक्षी होते, आई होती, देश होता, गुडघा नव्हता. मग माझ्या तोंडून निघून गेलं की माझी धाकटी बहीण सहासष्ट वर्षांची आहे, तिलाही नवा गुडघा बसवलाय, आणि ती रोज सकाळी कोर्टावर असते. तुझा बॅकहँड कसा नेटला घासून जातो, हरलेल्या पोरी कशा रडतात, पॉइंटच्या मध्ये मी कविता म्हणतो म्हणून पंच मला कसा बाहेर काढतो, सगळं सांगितलं. यातलं काहीच खोटं नव्हतं, साल तेवढं पन्नासेक वर्षांनी चुकलं.

पुढच्या शनिवारी स्टूल भिंतीशी सरकवलेलं होतं. किताहामाबाई रॅकेट घेऊन कोर्टाच्या कडेला उभ्या. त्यांनी नमस्कार केला, आत गेल्या आणि जाईला पहिला फटका मारला. तो सरळ नेटमध्ये गेला, आणि बाई इतक्या हसल्या की पोरं घाबरली. आता रोज खेळतात.

इथवर गोष्ट गोड आहे. पण आज सकाळी त्यांनी सांगितलं की डिसेंबरात त्या मुंबईला एका शिबिरासाठी येणार आहेत, आणि तिथून मिरजेला, तुला भेटायला. तुझ्याबरोबर एक गेम खेळायचाय त्यांना. तिकीट काढलंसुद्धा. मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण कोर्टावर पोरं त्यांची वाट बघत होती, मग मिटलं. अनू, माझी अब्रू गेली तर जाऊ दे, पण त्या बाई पुन्हा स्टुलावर बसतील गं. उद्या फाटकापर्यंत जा. परवा कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत. रॅकेटच्या तारा कुशल बदलून आणेल, मी त्याला सांगितलंय. आणि एक लक्षात ठेव. भीती वाटत होती तेव्हा तुमच्या बहिणीने पहिलं पाऊल कोणतं टाकलं, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी डावं म्हणून सांगून बसलोय. तेव्हा डावंच टाक.

तुझाच थापाड्या,
निशिदादा