टेलिप्रिंटरवरच्या अक्षता

फ्रीगंज, उज्जैन
ता. १ नोव्हेंबर १९५६

तीर्थस्वरूप माणिकअक्काच्या पायी धाकट्या दत्तूचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे आणि दाजींचा दमा दोन्ही बरे असावेत. नसतील तर निदान आलटून पालटून त्रास देत असावेत. आम्ही कालपर्यंत मध्यभारतात होतो, आज सकाळी उठलो तो मध्यप्रदेशात. (घर तेच आहे. नळाला पाणीही पूर्वीइतकेच, म्हणजे नाहीच.) सुलूचा नमस्कार, आणि 'यांनी एकदाची दाढी केली' हेही कळवायला सांगते आहे. त्या दाढीचीच ही हकीकत.

खंडेनवमीला तू आमच्या छापखान्यातला नवा टेलिप्रिंटर पाहिलास, मोठ्या भक्तीने त्याची पूजाही केलीस. इंदूरहून तारेवरून बातमी येते आणि हे यंत्र ती आपोआप कागदावर उमटवते. पूर्वी मी देवास गेटला इंदूरच्या बसची वाट बघत उभा राहायचो आणि तिथली कालची वर्तमानपत्रे आणून त्यांतल्या बातम्या आपल्या म्हणून छापायचो. आमचे मालक भय्यासाहेब यांनी मला स्वच्छ सांगितले होते, "दत्तोपंत, एक तारखेच्या विशेषांकापर्यंत मशीन चालली तर तुमची नोकरी पक्की. नाही तो मशीन भी वापस, आप भी वापस." तीन वर्षे हंगामी राहिलेल्या माणसाला एवढे पुरे होते.

दसऱ्याला सोने वाटून झाल्यावर यंत्र सुरू केले. ते खडखडले, पण अक्षरे उमटवत कागदावरून पुढे सरकणारी गाडी जागची हलेना! सुवेझ कालवा, गव्हाचा भाव, क्रिकेट, सगळे एकाच ठिकाणी एकावर एक छापले गेले आणि शेवटी कागदाला भोक पडले. इंदूरला ट्रंककॉल लावला, तर म्हणे इथून बराबर जा रहा है. लाइनमन खांबावर चढून उतरला आणि म्हणाला, "लाइन तो चकाचक है साहब, मशीन का दिमाग फिर गया है." मशीनवाल्यांनी मुंबईहून लिहिले की दोष तारेत असावा. (प्रत्येकाचे आपापले ठीक होते, फक्त बातमी येत नव्हती.) मी स्वतः मान वर करून स्टेशनपर्यंत तारेखालून चाललो. एका खांबावर माकड बसले होते. त्याच्यावर मी चार दिवस संशय घेतला.

मग मात्र मी हट्टाला पेटलो. यंत्र चालेपर्यंत दाढी करणार नाही असा पण केला. (रामघाटावर एका यात्रेकरूने माझ्या पाया पडून आशीर्वाद मागितला. नाही म्हणत बसायला वेळ नव्हता, म्हणून देऊन टाकला.) स्क्रू काढायला पेचकस घेतला, जुने धोतर अंथरले आणि यंत्राचा एकेक तुकडा काढून त्यावर मांडला. भय्यासाहेब डोक्याला हात लावून बाहेर निघून गेले. काल, अठराव्या दिवशी, गाडी सरकते त्या दात्यांच्या तळाशी मला तांदळाचे दोन दाणे सापडले. कुंकू लागलेले. आंबेमोहोर.

अक्का, ते दाणे मी लगेच ओळखले. यंत्रावर अक्षता टाकताना तू काय पुटपुटलीस ते मी ऐकले होते. 'माझ्या दत्तूची नोकरी पक्की होऊ दे बाबा.' आई गेल्यापासून माझ्यासाठी देवाकडे तूच मागत आलीस. तुझ्यावर मला रागावताच येईना.

यंत्र जोडले, दोन स्क्रू उरले, तरी ते धडाधड चालू लागले. दाणे पाहून भय्यासाहेबांनी विचारले, मशीनचे हे हाल कुणी केले? मी म्हटले, मी केले. (बहिणीचे नाव मालकाला सांगण्याइतका मी अजून सुधारलो नाही.) त्यांनी डोळे वटारले, मग म्हणाले, "और जोड़ी किसने?" तेही मीच. त्यावर ते म्हणाले की हे यंत्र उघडून पुन्हा जोडणारा माणूस साऱ्या उज्जैनात दुसरा नाही, त्यामुळे आपण पक्के. तुझ्या अक्षता पावल्या म्हणायच्या.

विशेषांक सोबत पाठवतो. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
दत्तू

ता. क. भाऊबीजेला नक्की ये. मला मनसोक्त ओवाळ, यंत्राला मात्र लांबूनच हात जोड.

आणखी ता. क. वरचे रद्द समज. 'पक्के' हे भय्यासाहेब नुसते तोंडी म्हणाले. आज नेमणुकीचा कागद मागितला तर 'हो जाएगा, हो जाएगा' चालले आहे. तेव्हा येताना चिमूटभर अक्षता घेऊन ये. अख्खा तांदूळ नको, कणी पुरेल. यंत्र दोनच दिवस अडवायचे आहे.