बाळंतिणीचा शिरा

आई, परवा सकाळी मी एका माणसाचं मनगट मोडलं. तुला जाऊन एकतीस वर्षं झाली, तरी तू पहिला प्रश्न काय विचारला असतास ते मला ठाऊक आहे. लोक जमले होते का? जमले होते. गोमती नगरच्या आमच्या सोसायटीत कुणी लिफ्टमध्ये अडकलं तर दार उघडायला माणूस मिळत नाही, पण एकोणसत्तर वर्षांची निवृत्त बँक मॅनेजर सेक्रेटरीला काठीनं मारते आहे म्हटल्यावर सातव्या मजल्यावरचे लोकसुद्धा मफलर गुंडाळून खाली आले आणि फोन वर धरून उभे राहिले.

भांडण एका कुत्रीवरून झालं. पिवळट रंगाची, एक कान फाटलेली, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली. ऐन थंडीत जनरेटरच्या खोलीमागे ती व्याली. सहा पिल्लं. मी जुनी रजई दुमडून आत सरकवली, वर फळी आडवी लावली, आणि घरी येऊन कणीक भाजायला घेतली. तूप, गूळ, सुंठ. वाटी घेऊन खाली गेले तर गेटवरचा गार्ड हसला. "मैडम, कुतिया ब्याए तो हलवा हमारे गाँव में खिलाते हैं. आप मराठी लोगों में भी होता है?" मी म्हटलं, "नहीं होता. मेरी माँ करती थी."

तू हे कुठं शिकलीस ते आठवतं आहे मला. रेल्वे कॉलनीत येऊन आपल्याला वर्ष झालं असेल. शेजारची पोरं परात घेऊन दारात उभी राहिली, "चाची, कुतिया ब्याई है, आटा दीजिए, घी दीजिए." साताऱ्याहून आलेली तू त्यांच्याकडे बघतच राहिलीस. कुत्रीच्या बाळंतपणाची वर्गणी तू आयुष्यात पहिल्यांदा ऐकली होतीस. मग पदर खोचलास आणि म्हणालीस, असलं अर्धं कच्चं काय खाईल ती, मीच करते. कणीक तांबूस होईपर्यंत भाजलीस, त्यात घरचा डिंक घातलास, आणि कोळशाच्या शेडमध्ये जाऊन वाटी तिच्यासमोर ठेवलीस. ती गुरगुरली. तू तिला दटावलंस, "गप. बाळंतीण आहेस, खाऊन घे." मी तुझ्या मागं उभी आहे, कॉन्व्हेंटचा निळा पिनाफोर घालून, आणि मला तुझा केवढा अभिमान वाटतो आहे. दुसऱ्या दिवसापासून वाटी न्यायचं काम माझं झालं. आठवड्याभरात ती माझ्या नुसत्या चाहुलीनं शेपूट हलवायला लागली.

परवा बारावा दिवस होता. माणसाचं घर असतं तर बारसं झालं असतं. पिल्लांचे डोळे जेमतेम किलकिले झाले होते. मी खाली उतरले तेव्हा फळी बाजूला पडली होती, दोन भाड्याचे मजूर बांबूनं कुत्रीला भिंतीशी दाबून धरत होते, तिच्या तोंडातून फेस आणि रक्त येत होतं, आणि सेक्रेटरी स्वतः, हातात रबरी मोजे घालून, एकेक पिल्लू उचलून पोत्यात टाकत होता. ठेवत नव्हता, टाकत होता. प्रत्येक वेळी आतून बारीक आवाज यायचा.

मी सांगितलं, पोतं खाली ठेवा. तो म्हणाला, "आंटी जी, आप बीच में मत आइए. सोसायटी के बच्चे डरते हैं." मी विचारलं, ती कुणाला चावली आहे का. "काटेगी, तब हटाएँगे क्या?" नियमाप्रमाणे असं उचलून नेता येत नाही हे मी त्याला समजावलं, पिल्लं दोन महिन्यांची होऊ द्या, मग मी स्वखर्चानं तिचं ऑपरेशन करून घेते हेही सांगितलं. त्यावर तो मजुरांकडे बघून हसला. "आंटी जी का टाइम पास है. रिटायरमेंट के बाद आदमी को कुछ तो चाहिए." आणि त्यानं पोत्याला पीळ दिला, गाठ मारायला म्हणून ते उचललं आणि सिमेंटवर आपटलं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेली माझी काठी ॲल्युमिनिअमची आहे, खाली चार पाय असलेली. ती मी दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या मनगटावर मारली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. पोतं सुटलं. तिथं थांबायला हवं होतं. मी पुन्हा मारली, खांद्यावर, आणि तो खाली बसल्यावर तिसऱ्यांदा, पाठीवर. मजुरांनी बांबू टाकून माझे दंड धरले, तशी कुत्री सुटली आणि पोत्याकडे झेपावली. मी मजुरांना झिडकारून पोत्याचं तोंड उघडायला वाकले, तर तिनं माझाच डावा हात चावून फोडला. तिला काय कळणार कोण कुणाच्या बाजूचं आहे. पाच पिल्लं जिवंत निघाली. सहाव्याचं डोकं चेपलं होतं. ते तिनं बराच वेळ चाटलं.

तुला त्या कॉलनीतल्या सकाळी काय झालं ते सांगायला नको. शेजारच्या बंगल्यातल्या मोठ्या साहेबांनी तक्रार केली होती. दोन माणसं हातगाडी आणि लांब लोखंडी चिमटा घेऊन आली. कुत्री शेडमध्ये आत घुसून बसली, दात दाखवायला लागली, तेव्हा त्यांतला एक आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाला, "बहनजी, वही हलवा दे दीजिए, उससे निकल आएगी." बाबा ऑफिसात गेले होते. क्वार्टर साहेबांच्या मर्जीवर होतं. शिरा वाटीत गेला, वाटी माझ्या हातात आली, आणि मी शेडसमोर जाऊन उभी राहिले. ती आली. शेपूट हलवत आली, मान खाली घालून आली, आणि चिमटा मिटला. त्यांनी तिच्या डोक्यात पहार घातली, ती एका घावात मेली नाही. पिल्लं त्यांनी नळाखालच्या हौदात बुडवली. मी किंचाळायला लागले तेव्हा तू मला आत ओढलंस, तोंडावर हात दाबलास आणि कानात म्हणालीस, "आपण इथं परके आहोत. आवाज करायचा नाही." तुझ्या हाताला सुंठीचा वास होता. मी त्या हाताला चावले. तू हात काढला नाहीस.

ही गोष्ट मी नंतर पुष्कळांना सांगितली. वसतिगृहातल्या मैत्रिणींना, नवऱ्याला, मुलाला. प्रत्येक वेळी असंच सांगितलं की आईनं माझ्या हातात वाटी दिली. मुलगा त्यावर एकदा म्हणाला होता, "नानी ऐसी थीं?" आणि मी हो म्हटलं होतं.

काल त्याचाच फोन आला, बेंगळुरूहून. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देतो. "मम्मी, माफ़ीनामा लिख दो, बात ख़त्म करो. इस उम्र में थाने जाओगी?" सेक्रेटरीचं म्हणणं असं की मी लेखी माफी मागावी, ती सूचनाफलकावर लागेल, मग तो तक्रार करणार नाही आणि पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत कुत्रीला हात लावणार नाही. नाहीतर दोन्ही होईल. म्हणजे माझी मान खाली गेली तर तिची वाचते. मी टेबलाशी बसले. डाव्या हातात ठणका, दंडात इंजेक्शन, आणि समोर कोरा कागद. "मुझे अपने किए पर खेद है" एवढं एकच वाक्य लिहायचं होतं, आणि ते खोटं लिहिताना पेन अडेना, तेव्हा मी आजवर किती सहज खोटं बोलत आले ते माझ्या ध्यानात आलं.

तू वाटी दिली नव्हतीस. तू शिरा वाटीत काढलास, वाटी ओट्यावर ठेवलीस आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीस. तुझ्यानं पुढं होईना. तो माणूस बाहेरून म्हणाला, "ये तो किसी के हाथ से आएगी नहीं." मी म्हटलं, "मेरे हाथ से आती है." आणि वाटी उचलली. नऊ वर्षांची होते, ते काय करणार आहेत हे मला कळत होतं की नाही, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. चिमटा दिसत होता, एवढं नक्की. ती फक्त माझ्या हाकेला येते हे त्यांना दाखवायचं होतं, एवढंही नक्की. तू जन्मभर मला खोटं पाडलं नाहीस. बाबांसमोरसुद्धा नाही.

माफीनामा मी आज सकाळी दिला. सेक्रेटरी प्लास्टरमधला हात छातीशी धरून दारात उभा होता. त्यानं वाचला, घडी केली. "आंटी जी, आप पढ़ी-लिखी हैं, इसलिए समझ गईं." मी त्याला चहा विचारला नाही. गार्डनं फळी पुन्हा लावून दिली आहे. कुत्री आता मला जवळ येऊ देत नाही, मी ताटली चार हातांवरून काठीनं पुढं सरकवते आणि मागं फिरते. पाचही पिल्लं दूध पितात.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टाकलं नसतं, कारण पुढचं वाचून तू मान हलवली असतीस. मुलाला मी सांगितलं, झालं, मिटलं, आता शांत आहे. प्रत्यक्षात मी दुपारपासून गॅलरीत खुर्ची टाकून बसले आहे, काठी मांडीवर घेऊन, जनरेटरच्या खोलीवर नजर ठेवून, आणि सेक्रेटरीनं दिलेला शब्द मोडावा म्हणून वाट बघते आहे.