माझ्या नावाचं रक्त

माय, आज डॉक्टरने पुन्हा तेच विचारलं, "मावशी, या घोट्याला आधी कधी मार लागला होता का?" त्याला वाटते सांधेवात असेल. त्याच्या आधीचा म्हणाला होता, युरिक ॲसिड. तिसऱ्याने तर माझं वजनच काढलं. जन्मभर नर्सची नोकरी केली, लोकांचे पाय धुतले, बांधले, आणि माझ्याच घोट्याच्या दुखण्याचं नाव कोणाला सांगता येत नाही. "हो, लागला होता मार," इतकंच म्हणाले आणि घरी येऊन तुझ्यावर चिडत बसले आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला अजून मला तूच लागतेस.

धानाच्या रोवण्याचे दिवस होते. चांद्याला नर्सिंगच्या ट्रेनिंगला माझा नंबर लागल्याचं पत्र घरात आलेलं होतं. आपल्या मोहल्ल्यातली मी पहिलीच. बाबा असते तर त्यांनी ते पत्र आरमोरीच्या बाजारात नेऊन दहा जणांना वाचून दाखवलं असतं. तू ते पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात ठेवलंस. पत्रात साफ लिहिलं होतं की सरकारी डॉक्टरचं तब्येतीचं सर्टिफिकेट घेऊन ठरल्या तारखेला हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाईल. मी म्हटलं, यंदा मी चिखलात उतरत नाही. तू म्हणालीस, "नर्स झाली का आतापासूनच? चाल, पेंड्या फेक." मग मी धुऱ्याच्या उंचवट्यावर उभी राहून पऱ्ह्यांच्या, रोपांच्या पेंड्या बांदीतल्या चिखलात फेकत होते, तू आणि बाकीच्या बाया खाली वाकून रोवत होत्या. पाय सटकला. एक पाय बांदीच्या गाऱ्यात रुतला आणि मी दुसऱ्या बाजूला पडले. आतमध्ये काहीतरी कट्‌कन वाजलं, ते मला स्वतःला ऐकू आलं. आणि तू काय केलंस? हसलीस! "उठ व, लोकं पाहून राह्यले," म्हणालीस.

मग सुरू झाला तमाशा. हाडं बसवणारा म्हातारा आला, त्याने बोटाने चाचपलं आणि निकाल दिला, "हड्डी नाई, शीर चढली." तेल लावून त्याने माझा पाय असा ओढला की मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हळद-चुना थापला, बांबूच्या कामट्या बांधल्या. चार दिवसांनी दवाखान्यात गेलो, तर डॉक्टरने खुर्चीतूनच पाहिलं आणि म्हणाला, मुरगळलाय, आठ दिवसांत बरा होईल. शेजारची काकू म्हणाली, नजर लागली, पत्र आलं ना घरात. तुझं एक होतं माय, शेवटी जो बोलला त्याचं तुला खरं वाटायचं. सकाळी शीर, दुपारी मोच, संध्याकाळी मिरच्या ओवाळायच्या. मी ओरडून सांगत होते, आत कट्‌कन वाजलं, हाड असेल. तू म्हणायचीस, "तुले काय समजते? अजून शिकाले गेलीबी नाई."

तीन आठवडे झाले, सूज जाईना. तेव्हा त्याच काकूने तुझ्या कानात तो शब्द टाकला, हत्तीपाय. आपल्याकडे या शब्दाला किती भ्यायचे लोक, ते आता कोणाला सांगून पटणार नाही. गावात असे पाय कमी नव्हते, पण ते म्हाताऱ्यांचे. तरण्या पोरीच्या पायाला तसं काही म्हटलं की तिचं लग्न मोडलं, आणि तुझ्या हिशेबाने ट्रेनिंगही गेलं. दुसऱ्या दिवसापासून तू माझं पातळ पार जमिनीला टेकेल असं नेसवायला लागलीस. वर डोक्यावर पितळी गुंड देऊन पाण्याला पाठवलंस. "लंगडू नको, नीट सरकी चाल. लोकाईले दिसू दे धड हाय म्हणून." माय, मोडलेल्या हाडावर तू मला भरल्या गुंडासकट चालवलंस! मीसुद्धा काय शहाणी, दात आवळून चालले.

तेवढ्यात मी सर्टिफिकेटला गेले, तर डॉक्टरच्याही मनात तीच शंका आली. म्हणाला, आधी रक्त तपासू, मग सर्टिफिकेट. या रोगाचे जंतू दिवसा रक्तात सापडत नाहीत, म्हणून रक्त घेणारा माणूस जेवणं झाल्यावर बॅटरी घेऊन गावात यायचा आणि घरातल्या सगळ्यांचंच रक्त घ्यायचा. आपल्याकडे आला तो नवा होता, कोणाला ओळखत नव्हता. तू दाराआडूनच बोललीस, "घरात माणूस नाई भाऊ, आमी बाहेर नाई येत. आतूनच हात देतो." त्याने आधी माझं नाव पुकारलं. मी हात पुढे करते तर तू मला मागे ढकललंस आणि दाराच्या फटीतून स्वतःचा हात बाहेर काढलास. मी दबक्या आवाजात म्हटलं, माय, हे काय करून राहिलीस? तू म्हणालीस, "चूप राह्य. तुह्या रक्तात काही निघालं तं? माहे पाय पाह्य, काड्या हायेत काड्या. माह्यात काय निघते!" त्याने सुई टोचली, काचेवर थेंब घेतला, माझं नाव लिहिलं. मग तुझं नाव पुकारलं आणि तू माझं मनगट धरून फटीतून बाहेर काढलंस. मी एकदा नाही म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले नाही.

आठ-दहा दिवसांनी तो सायकलने निकाल आणि गोळ्यांची पुडी घेऊन आला. माझ्या नावाच्या रक्तात जंतू निघाले. तुझ्या नावाचं रक्त एकदम साफ. तुझा चेहरा असा पडला की एक क्षण मला हसू आलं, नंतर मात्र माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तू म्हणालीस, "त्याची दुर्बीणच खराब असन." मी पुडी तुझ्या मांडीवर फेकली. म्हटलं, घे, तुझ्याच रक्ताच्या गोळ्या आहेत, तूच खा. तू म्हणालीस, "मी काऊन खाऊ? मी काय बिमार हावो?" इतक्या लोकांना समजावलं मी पुढे आयुष्यात, पण तुझ्यासारखं डोकं मला दुसरं भेटलं नाही.

डॉक्टर खूश झाला. म्हणाला, आता कळलं सूज कशाची. गोळ्या खा, सूज उतरली की ये, मग सर्टिफिकेट. आता घोटा बघायचं कोणाला काही कारणच राहिलं नाही. तारखेला नऊ दिवस उरले होते. मी म्हटलं, मी जाऊन खरं सांगते. तू दारात आडवी बसलीस. "त्या बिचाऱ्या भाऊची नोकरी जाईन. अन् माह्यं नाव गावभर होईन." मी तुला ओलांडून गेले, माय, अक्षरशः ओलांडून, काठी टेकत. एसटीत बाजाराच्या टोपल्यांमध्ये उभी राहून गेले. डॉक्टरला सांगितलं, ती काच माझी नाही, अदलाबदल झाली. तो त्या रक्त घेणाऱ्याच्या नावाने कडकडला. मग पहिल्यांदा त्याने माझ्या घोट्याला हात लावला, बाहेरच्या हाडावर अंगठा दाबला, आणि माझी किंकाळी रांगेतल्या सगळ्यांनी ऐकली. त्याने गडचिरोलीला फोटो काढायची चिठ्ठी दिली. हाडाला बारीक चीर होती. पलस्तर घालून मी परत त्याच्याकडे गेले आणि सर्टिफिकेट घेतलं. चांद्याच्या मॅडमनी माझ्या पायाकडे पाहिलं, म्हणाल्या, बसून शिकता येते ना? बस मग.

तू मला सोडायला स्टँडवर आलीस, माझी पेटी डोक्यावर घेऊन. भेटेल त्याला थांबवून सांगत होतीस, "हड्डी तुटली होती पोरीची, हड्डी! हत्तीपाय-फत्तीपाय काही नाई." जसं काही तूच फोटो काढून आणला होतास. मला राग येत होता आणि तुझ्या गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं. मी रागच केला, तो सोपा होता.

पहिल्या सुटीत मी विचारलं, गोळ्या खाल्ल्यास का? "खाल्ल्या वं बापा, खाल्ल्या," म्हणालीस. पुढे घराच्या छपराचे कवेलू फेरताना ती पुडी आड्यावर सापडली, दोऱ्याची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. तोवर तुझ्या डाव्या पायाला सूज धरली होती. आधी संध्याकाळी यायची, सकाळी जायची. मग जायची बंद झाली. मग चप्पल सुटली, मग रोवणा सुटला. ज्या काड्यांचा तुला एवढा तोरा होता! मी सुटीवर आले की साबणाने तुझा पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायचे, आणि तू आल्यागेल्याला सांगायचीस, "पोरीच्या पायाचं मी आपल्या अंगावर घेतलं." बाया मान हलवायच्या. मी खाली मान घालून पाय पुसत राहायचे.

नोकरीत मी गावंच्या गावं गोळ्या वाटत फिरले. समोर गिळल्याशिवाय हलायची नाही. लोक मला कडक बाई म्हणायचे. तुला मी मनातल्या मनात हजार वेळा शिव्या दिल्या की एवढी कशी हट्टी ही बाई, बारा दिवस गोळ्या खायला काय जात होतं. या शिव्या देणं मला बरं पडत होतं. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि तू असतीस तर मी हे लिहिलंच नसतं.

पलस्तर घालून मी सर्टिफिकेटला गेले ना, तेव्हा डॉक्टरने कागद भरला, पेन टेकवलं आणि थांबला. म्हणाला, "मग ते रक्त कोणाचं होतं? त्या माणसाला शोधून, समोर उभं राहून गोळ्या खाऊ घालाव्या लागतील." सही व्हायची होती, माय. घरातच हत्तीपाय आहे म्हटलं तर तो कागद सहीशिवायच खणात जाईल असं मला वाटलं. मी म्हटलं, मला माहीत नाही.