मोरगावचा वारा

लासुर्णे, १० मे १९९६

ती. नागेशदादास,
सुकन्याचा शि. सा. न. वि. वि.

मोरगावचा आकडा लासुर्ण्याच्या आकड्याला जुळला. काल आमच्या सरांनी पुन्हा तपासून तसं नक्की केलं. त्यांना आनंद झालाय, मला मात्र पटत नाही.

पीक आणि माती मिळून रोज किती पाणी हवेत सोडतात, ते काढायची दोन सूत्रं आम्ही ताडून पाहतोय. एक नुसतं तापमान धरतं, दुसरं वाराही धरतं. इथं उसाच्या गारव्यात दोन्ही सारखीच येतात. आपल्या माळावर वाऱ्याचं सूत्र बरंच जास्त पाणी सांगतं. खरं कुठलं, ते आपल्या अंगणात ठेवलेल्या पत्र्याच्या टाकीतलं पाणी किती उडतं त्यावर ठरायचं होतं. ते उडालंय इथल्याइतकंच! म्हणून तापमानाचं सूत्र सगळीकडं चालतं, असा अहवाल गेला. नव्या उपसा योजनेत गावाला एकरी किती पाणी द्यायचं, ते त्यावरूनच ठरेल. कमी ठरलं तर डाळिंबं जगणार नाहीत.

शेळ्या प्यायल्या असत्या तर आकडा वाढला असता, घटला नसता. टाकीला कुणी हात लावतं का, आईला जरा विचार. वहिनीला नमस्कार, छकुलीला पापा. लोभ आहे तो राहू दे.

तुझी,
सुकन्या

मोरगाव, १५ मे

चि. सुकन्यास दादाचा आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, तर ती हसायलाच लागली. म्हणाली, उन्हात उघडं पाणी कोण ठेवतं? मी सकाळी मोजून रानात गेलो की ती टाकीवर ओलं पोतं टाकायची आणि दिवस मावळताना काढायची. पोरीचं पाणी राखलं म्हणून सायेब शाबासकी देईल, असं तिला वाटत होतं. मला पत्ताच न्हाय. घागर उघडी राहिली तरी तिला घास जात न्हाय, तुला ठावं हाय. एवढं शास्त्र शिकलीस, पण टाकी कशाला ठेवली ते आईला सांगायचं राहिलं, असं तुझी वहिनी म्हणते.

आता सायबाला खरं सांग आणि आकडा बदलून घे. आईवर रागवू नको.

दादा

लासुर्णे, २१ मे

ती. दादास शि. सा. न.

सरांना सांगितलं. म्हणाले, एका म्हातारीच्या पोत्यावरून अहवाल माघारी येत नसतो. दोन हवामानांत एकच सूत्र चालतं हा त्यांचा शोध. पुढच्या महिन्यात दिल्लीच्या परिषदेत त्यांना तो वाचायचाय. वारा मोजून पुन्हा आकडे घेऊ म्हटलं, तर म्हणाले, मग प्रबंधावर दुसऱ्या कुणाची सही आण.

पुढच्या मंगळवारी योजनेची समिती टाकी बघायला येतेय. त्या दिवशी आई घरी नसलेली बरी, असं त्यांनी सुचवलं. मी हो म्हटलेलं नाही. आईला खरं ते बोलू दे. माझा प्रबंध गेला तर जाऊ दे.

तुझी,
सुकन्या

मोरगाव, २५ मे

चि. सुकन्यास आशीर्वाद.

आईला काल कन्हेरीला मावशीकडं सोडलं. कशाला, ते तिनं इचारलं न्हाय. एसटीत बसताना एवढंच म्हणाली, की माझ्यापायी पोरीचं शिक्षण थांबू देऊ नको. तुझं पत्र मी तिच्यापासून लपवलं होतं. छकुली आता वाचायला शिकलीया, तिनंच वाचून दाखवलं वाटतं.

तू जाऊ दे म्हणतीस. तुझ्या शिक्षणापायी आबांनी मेंढरं विकली. जाऊ दे म्हणायचा हक्क तुला एकटीला न्हाय. आमी डाळिंबं उपटू, बाजरी करू. शेजारचे बाजीराव रोज इचारतात, पाणी किती मिळंल. मी भरपूर म्हणून सांगतो.

मंगळवारी समिती आली की टाकी उघडीच होती, असं मी लिहून देणार. गावाला ते पाणी सुटल्यावर कळंल. तोवर तुझी डिग्री हातात पडंल. घे, आणि मग काही वर्षं इकडं येऊ नको.

माया तेवढीच,
दादा