बारा नंबरचं शेत

विलोब्रुक, नॉर्थॅम्प्टनशर
सोमवार, ११ नोव्हेंबर

प्रिय ऑस्विन,

कसा आहेस? गुडघा काय म्हणतोय? मी ठणठणीत. फक्त बुटांत चिखल शिरतो आणि बाहेर यायचं नाव घेत नाही.

तुम्हा विद्यापीठातल्या पुरातत्त्ववाल्यांचं बरं असतं. एका उन्हाळ्यात एक खड्डा, मग त्यावर सहा वर्षं चर्चा! इथे जेसीबी वरची माती ओढतो, आम्ही थाप्या घेऊन मागे धावतो आणि येत्या शुक्रवारी सगळ्यावर गोदामाचं काँक्रीट पडणार. आमचे अहवाल कोणी वाचत नाही. तुमचे लेख तिघं वाचतात, तेही भांडायला.

बांधकामाचा मुकादम केल्विन रोज चहाला विचारतो, "काय बाई, सोनं लागलं का?" परवा मी त्याला पिवळ्या मातीतले काळे ठिपके दाखवले. म्हणाला, "अहो, ही तर भोकं आहेत! यासाठी कॉलेजात गेलात?"

भोकंच आहेत, ऑस्विन. खांबांची. गोलात. आता किती लांबण लावू? सात घरं आहेत, लोहयुगातली, चुलींसकट.

हो, त्याच खोऱ्यात, जिथे लोहयुगात चिटपाखरूही राहत नव्हतं असं तू अकरा वर्षं सांगतोयस. आणि त्याच बारा नंबरच्या शेतात, जे आपण विद्यार्थी असताना पायी फिरून, जुन्या खापऱ्या शोधत तपासायचं काम माझ्याकडे होतं. 'एकही खापरी नाही' हे फॉर्मवर माझ्याच अक्षरात आहे.

मी चाललेच नव्हते रे. धो धो पाऊस होता. समोरच्या पबमध्ये सॉसेज खात मी फॉर्म भरला. खिडकीतून शेत रिकामंच दिसत होतं.

तू त्या फॉर्मवर प्रबंधाचं पहिलं प्रकरण रचलंस आणि मला तुझ्याकडे बघवेना. पीएचडी मी कंटाळून सोडली नाही, लाजून सोडली. फोनवर हे सांगायला जीभ वळत नाही, म्हणून पत्र.

तुझं पुस्तक पुढच्या सोमवारी छापायला जातंय म्हणे. थांबव. गुरुवारपर्यंत इथे ये. वाट्टेल तेवढ्या शिव्या दे, पण घरं डोळ्यांनी बघ. आणि पुस्तकात चूक माझ्या नावावर लिही, पूर्ण नावाने.

बारा नंबरच्या शेतात आयुष्यात पहिल्यांदा या वर्षीच उतरलेली,
तुझी मैत्रीण (अजून असले तर),
प्रुडेन्स