तिसऱ्या शनिवारची माणसं

१८ जानेवारी, शनिवार

सात. मी धरून सात.

निघताना ग्रंथपाल बाईंनी थांबवलं. हातात आमची सह्यांची वही होती. "वरच्या खोलीसाठी चित्रकलेच्या वर्गाचा अर्ज आलाय. वीस जण आहेत त्यांचे." मी म्हटलं, आमचा प्रोग्रामिंगचा गट नऊ वर्षं इथे भरतोय. "माहीत आहे, म्हणून तर आधी तुमच्या कानावर घालतेय. मार्चच्या शनिवारी आठ सह्या दाखवा, मी समितीपुढे तुमची बाजू मांडते. त्याच्या खाली मला तोंड उघडता येणार नाही."

एकच माणूस कमी आहे. पण तो आणायचा कुठून?

आज दातांच्या डॉक्टरांनी त्यांचा प्रोग्राम दाखवला. पेशंटला सहा महिन्यांनी आपोआप आठवण जाते. छान केलाय. पण मोजणीकाकांनी मध्येच हात वर केला आणि पाऊण तास गेला. काका जमीनमोजणीतून निवृत्त झालेत, अडुसष्टाव्या वर्षी प्रोग्रामिंग शिकले. कुणी काहीही सांगो, ते गाडी वेड्यावाकड्या प्लॉटच्या क्षेत्रफळावर नेतातच. "पण डॉक्टर, समजा तुमचा पेशंट म्हणजे एक त्रिकोण आहे—" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. मी घड्याळ बघत होते, आणि दुसऱ्यांदाच आलेली ती नवी बाई लॅपटॉप बॅगेत भरत होती.

१९ जानेवारी, रविवार

ताईला सांगितलं. ती चादरींच्या घड्या घालत होती. म्हणाली, "मग बंद कर. दर महिन्याला आठ दिवस आधीपासून तू बोटांवर माणसं मोजत बसतेस. कशासाठी?"

हा गट मी सुरूसुद्धा केलेला नाही. माझ्या पहिल्या नोकरीतल्या साहेबांनी केला. परदेशी जाताना पत्त्यांची यादी माझ्या हवाली केली— "काही नसतं गं, महिन्यातून एक मेल टाकायची." साहेब गेले आणि मी अडकले. यादीत एकशे बारा पत्ते आहेत. ती एक मेल मी पाच-पाच वेळा लिहिते. "नक्की या" लिहिलं की अजिजी वाटते, नुसतं "या" लिहिलं की हुकूम.

दिवसभर ऑफिसात बसगाड्यांची वेळापत्रकं जुळवणारा प्रोग्राम सांभाळते. तिथे मी काय करते हे कुणाला कळत नाही, कळून घ्यायचंही नसतं. महिन्यातले ते दोन तास सोडले तर माझं बोलणं समजणारं माणूस मला भेटत नाही. हे ताईला कसं सांगू? ती म्हणेल, मी नाही का. ती आहेच.

२३ जानेवारी, गुरुवार

नव्या बाईंचा निरोप आला. आठ वर्षं घरी होत्या, आता पुन्हा कामाला लागायचंय, म्हणून येतात. लिहिलंय— "राग मानू नका. मलाही एक प्रश्न विचारायचा होता, पण त्या काकांपुढे कुणाची डाळ शिजत नाही. पुढच्या वेळी यावं की नाही, विचार करतेय."

आठ व्हायच्या ऐवजी सहा होणार.

आणि डिसेंबरात तो दाढीवाला मधूनच उठून गेला, तोही बहुतेक काकांमुळेच. त्याआधी यायची बंद झालेली ती दोघं. मोजायला लागलं की सगळी बोटं काकांकडेच वळतात.

२७ जानेवारी, सोमवार

सांगावं लागणार. दुसरं कोण सांगणार?

"काका, प्रश्न थोडे कमी—" नको. "काका, नवीन लोकांना संधी—" हे बरं आहे. बसमध्ये पुटपुटत होते, शेजारची बाई सरकून बसली.

१ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

सकाळी ते वाचनालयात पेपर वाचतात, तिथेच गाठलं. पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मी म्हटलं, "काका, तुमच्या प्रश्नांमुळे लोक यायचे बंद होतायत." असंच, धोंडा टाकल्यासारखं. समोरच्या टेबलावरच्या माणसाने वर पाहिलं.

काकांनी पेपरची घडी केली, घडीवरून नख फिरवलं. म्हणाले, "बरं. बरं झालं सांगितलंत." मग म्हणाले, "आमची ही पण हेच म्हणायची. तुम्ही थांबत नाही म्हणायची." आणि हसले.

मी म्हटलं, तसं नाही हो. ते म्हणाले, "तसंच आहे." आणि पेपर पुन्हा उघडला.

घरी येईपर्यंत सुटल्यासारखं वाटत होतं. जेवायला बसले आणि भात नुसताच चिवडत राहिले. ताई म्हणाली, "आता काय झालं?" म्हटलं, काही नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मेल पाठवली. "नक्की या" लिहिलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तीन.

मी, नव्या बाई, आणि खालून पंख्याखाली बसायला आलेला एक माणूस. त्याने सही केली, अर्धा तास डुलकी काढली आणि "छान उपक्रम" म्हणून गेला.

डॉक्टर नाहीत. बॅटरीचं दुकान चालवणारे नाहीत. गणिताच्या बाई नाहीत, त्या तर पाय मुरगळला होता तेव्हाही आल्या होत्या. काका नाहीत. मी साडेचारपर्यंत दाराकडे बघत बसले. जिन्यावर पाऊल वाजलं की मी एक खुर्ची सरळ करायचे. प्रत्येक वेळी शेजारच्या खोलीत जाणारं कुणीतरी.

नव्या बाई म्हणाल्या, "माझ्या निरोपामुळे काही झालं का?" मी नाही म्हटलं. मग त्यांनी तो विचारायचा राहिलेला प्रश्न विचारला. मला उत्तर येत होतं. दहा मिनिटांत संपलं. पुढे दोघींना काय करावं कळेना.

ग्रंथपाल बाईंनी वही पाहिली आणि मिटली.

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळे एकदम कसे गेले? काकांनी सांगितलं असेल? "मला अशी अशी बोलली"? नऊ वर्षांत कुणाबद्दल वावगं बोलले नाहीत ते. पण मग?

उद्या डॉक्टरांकडे जाते. उजवी दाढ दुखतेच आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

हे सगळं नीट लिहून ठेवलं पाहिजे.

डॉक्टरांनी दाढेत ते यंत्र घातलं आणि स्वतःच म्हणाले, "काय हो, परवाचा शनिवार रद्द का केलात?" माझं तोंड आ वासलेलं. मी मान हलवली. "हलू नका. रद्द नव्हता? मग काकांचा फोन कसा नाही आला?"

कुठला फोन, असं मी विचारलं. बाहेर आलं ते "आ-आ-ओ".

ते दाढ कोरत कोरत बोलत होते. दर महिन्याला, तिसऱ्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी, दवाखाना उघडायच्या वेळेला काकांचा फोन. गेली आठ वर्षं. शनिवारी येताय ना, कुणाचा काय विषय आहे, तुमच्या आईची साखर आता कशी आहे. "फक्त मला नाही हो, सगळ्यांना करतात. मला वाटायचं तुम्हीच ते काम त्यांना नेमून दिलंय."

चूळ भरल्यावर विचारलं, "आणि माझी मेल?"

"मेल येते का?" त्यांनी खरंच आश्चर्याने विचारलं. तिथेच फोन काढून शोधलं. नको असलेल्या पत्रांच्या कप्प्यात सापडल्या, औषधांच्या जाहिराती आणि लॉटरीच्या मधोमध. न उघडलेल्या.

अर्धं तोंड बधिर होतं. बसथांब्यावर रडले तर अर्ध्याच चेहऱ्याने रडल्यासारखं वाटलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नऊ वर्षं मला वाटत होतं, गट मी चालवते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

काकांच्या घरी गेले. दुसरा मजला, एकटेच राहतात. भिंतीवर त्यांनी हाताने काढलेले नकाशे. टेबलावर कागदांची ही चळत, पण प्रत्येक कागद काटकोनात.

माफी मागितली. पुन्हा मागितली. ते म्हणाले, "चहा निवतोय."

विचारलं, तुम्ही फोन करता हे मला कधी बोलला का नाहीत? म्हणाले, "त्यात सांगायचं काय?" मग कप खाली ठेवून म्हणाले, "पहिल्या वर्षातली गोष्ट आहे. तुमचे साहेब नुकतेच गेले होते. मला यायला उशीर झाला, तर खोलीत तुम्ही एकट्याच. बारा खुर्च्या मांडलेल्या आणि तुम्ही दाराकडे बघत बसलेल्या. मला ते बरं वाटलं नाही. पुढच्या महिन्यापासून फोन करायला लागलो."

मला तो शनिवार आठवतो. त्या दिवशी बंद करायचं ठरवून गेले होते. मग पुढच्या महिन्यात अचानक अकरा जण आले आणि मला वाटलं, माझी मेल जमली.

मी रडेन असं वाटून बहुतेक ते उठले आणि एक लहान वही आणून दिली. "आता तुम्ही करा. मी केले की बोलत सुटतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे." पुन्हा तेच हसू. माझी मान वर होईना.

वहीत नऊ नावं. प्रत्येकापुढे बारीक अक्षरात काही लिहिलेलं. गणिताच्या बाईंपुढे— "आधी त्यांना बोलू द्यावे, मग विचारावे." बॅटरीवाल्यांपुढे— "दुपारी झोपतात, चारनंतर. गुडघ्याची चौकशी." एकापुढे नुसतंच— "नोकरी गेली आहे. नोकरीचा विषय काढू नये. जरूर बोलवावे."

हा माणूस दर महिन्याला माझ्या शेजारी बसायचा. त्याची नोकरी गेलेली मला माहीत नव्हती.

१२ मार्च, बुधवार

उद्या फोन करायचे. मला फोनचा धसका आहे. ऑफिसातही मी लिहूनच कळवते. ताईला म्हटलं, तू करशील का, माझ्या नावाने? म्हणाली, "मी फक्त शेजारी बसेन."

१३ मार्च, गुरुवार

ताई शेजारी बसली. शेंगा सोलत.

पहिला फोन बॅटरीवाल्यांना. चार वाजून पाच मिनिटांनी. त्यांनी "हॅलो" म्हणताच मी "तुमचा गुडघा" एवढंच बोलले. ते गोंधळले. मग जोरात हसले— "काकांची वही मिळाली वाटतं."

गणिताच्या बाई वीस मिनिटं सुनेबद्दल बोलल्या, मी बोलू दिलं. शेवटी त्यांनीच विचारलं, "शनिवार आहे ना?" नोकरी गेलेला म्हणाला, "मागच्या वेळी फोन आला नाही, वाटलं आता आपण नकोसे झालो." एवढा एक न आलेला फोन, आणि माणूस कुठवर जातो.

नऊ फोन. पाठ घामाने भिजली. ताई म्हणाली, "जमलं की." शेंगा संपल्या होत्या.

१५ मार्च, शनिवार

नऊ सह्या!

वहीतले सात आले, मी आणि नव्या बाई. ग्रंथपाल बाईंनी दोनदा मोजल्या आणि म्हणाल्या, "चित्रकलावाल्यांना रविवार देते." खोली राहिली.

नव्या बाईंनी आज पहिल्यांदा स्वतःचा प्रोग्राम दाखवला. वडिलांच्या औषधांच्या वेळा सांभाळणारा. नीट सांगितलं. संपल्यावर म्हणाल्या, "काही प्रश्न?"

सगळ्यांची नजर खिडकीजवळच्या काकांच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. पहिला प्रश्न आपण विचारायचा, हे आम्ही नऊ वर्षांत कधी शिकलोच नव्हतो. शेवटी नव्या बाईच म्हणाल्या, "ते काका नाही आले?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, येतील, जरा कामात असतील.

अजून राग आहे का? माफी मागून झाली. आणखी काय करायला हवं होतं? खोली मिळाली तरी जिवाला स्वस्थता नाही.

१६ मार्च, रविवार

सकाळी फेब्रुवारीचं पान काढून वाचलं. "माफी मागितली. पुन्हा मागितली." त्यांना या म्हटल्याचं कुठेच नाही. म्हटलंच नव्हतं. आणि वहीत नऊ नावं आहेत, दहावं नाव असणार कसं? वही त्यांचीच. आठ वर्षं सगळ्यांना बोलावणाऱ्या माणसाला एकदाही कुणी बोलावलेलं नाही.

ताईला हाक मारली नाही. एकटीनेच फोन लावला. म्हटलं, "काका, एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी आपली बैठक आहे. तुम्ही यायचंय. तुमचे प्रश्न घेऊन."

पलीकडे पेपरची घडी केल्याचा आवाज आला.

मग म्हणाले, "बघतो." आणि लगेच, "किती वाजता असते?"