लेकराला वारं दाखवताना

आई, काल मी तुझ्या अंगणात उभी राहिले. अंगण आता तुझं राहिलेलं नाही, तू गेल्यावर भावानं सगळी फरशी घातलीय. पण पुढची उतरण तीच, काजूची झाडं तीच, आणि त्यांच्या पलीकडं एकामागं एक डोंगर, शेवटचा तर आभाळात विरघळून गेलेला. शिमगा तोंडावर आलाय. थंडी गेलीय आणि ऊन अजून चावायला लागलेलं नाही. इतकी मऊ हवा मी किती वर्षांत अंगावर घेतली नव्हती. कोल्हापुरात आम्हाला स्वेटर कळतो आणि पंखा कळतो, मधलं काही कळत नाही.

आले होते नातीसाठी. माझ्या लेकीची लेक. पोर दिवस भरायच्या आधीच आली, तीही ऐन थंडीत, आणि पहिले काही आठवडे दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिली. घरी आणल्यापासून आमच्या कोल्हापुरातल्या, कळंब्याच्या घराच्या खिडक्या बंद. लेक तिला छातीशी धरून बसायची आणि तिचा श्वास ऐकत राहायची, टीव्हीसुद्धा लावू द्यायची नाही. आता पोरीनं वजन धरलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता किती कोंडून ठेवणार? थंडी सरली की मोकळ्या हवेत काढा." पण थंडी सरली हे सांगणार कोण? लेक दिवसातून दहा वेळा मोबाईल बघायची. घाटमाथ्यावर आठवडाभर हवा सौम्य, आकाश निरभ्र, असं त्यात यायचं आणि तरी तिला धीर व्हायचा नाही. इकडं भाऊ आजऱ्याजवळच्या या वाडीतून फोनवर ओरडायचा, "ताई, आण की तिला वर! हवा कशी लोण्यागत हाय. तितं त्या धुरळ्यात काय ठेवलंय?" कोल्हापूर लांब आहे, म्हणून मोठ्यानं बोलावं लागतं, असं त्याला अजून वाटतं. शेवटी आम्ही आलो, गाडीच्या काचा बंद करून.

हिवाळ्यात जन्मलेल्या पोरांना वारं दाखवायचं, म्हणजे पहिल्यांदा उघड्या हवेत काढायचं, हे वाडीत तुझ्याकडं होतं. कुणी ते काम तुला दिलं, मला माहीत नाही. शिवरात्र झाली की बाया विचारायला यायच्या, "आक्का, कवा काढायचं?" तू कुणालाच सांगत नाहीस. मग एका सकाळी, ऊन अंगणात उतरल्यावर, तू कडेला जाऊन उभी राहतेस, डोळे मिटून. एक गाल वाऱ्याला देतेस, मग दुसरा. मी शेजारी उभी राहून तोंड वर करून बघतेय, तर टपली बसते. "आभाळाकडं काय बघतीस? ते समद्यांनाच फसवतंय. गालानं बघ." मग तू खालच्या उतरणीवरच्या काजूच्या मोहराचा वास घेतेस, आणि वाडीला ऐकू जाईल अशी हाळी देतेस, "काढा गं लेकरं!" घराघरातून बाया गाठोडी घेऊन बाहेर येतात, तोंडावरची फडकी बाजूला होतात. एक पोर शिंकतं, एक भोकाड पसरतं, आणि सगळी गल्ली हसते.

आणि मग ते वर्ष. काजू लवकर मोहरला होता. शिवरात्र अजून लांब होती, पण हवा अशी गोड की कुणीही भुलावं. तू हाळी दिलीस. आपलं धाकटं, माझं तान्हं भावंड, तुझ्याच खांद्यावर होतं, तूच त्याचं तोंड उघडं केलंस. दोन-चार दिवसांत कोकणाकडून धुकं चढलं, गार आणि दाट. मोहोर काळा पडला आणि आपल्या बाळाची छाती वाजायला लागली. बाकीची पोरं तरली. आपलं गेलं. तुला कुणी शब्दानं बोललं नाही. तूच एकदा चुलीपुढं म्हणालीस, "काजू फसला, आन् मी काजूवर इसवास ठिवला." त्यानंतर त्याचं नाव आपल्या घरात निघालं नाही.

पुढच्या वर्षी बाया विचारायला आल्या नाहीत. कोणत्या तोंडानं येणार? शिवरात्र होऊन गेली, मोहोर कधीचा फुलला, आणि लेकरं आपली अंधारात. एका सकाळी तू भाकरी तव्यावर तशीच टाकून अंगणात गेलीस. डोळे मिटलेस. भाकरी करपली तरी तू हलली नाहीस. मग हाळी दिलीस, तीच, तितक्याच मोठ्यानं. शेजारीण दारातून म्हणाली, "आक्का, नक्की न्हवं?" तू म्हणालीस, "नक्की काय बी न्हाय बाई. हवा कुणाच्या बापाची न्हाय. पर लेकरू किती दिस घोंगड्यात ठेवशील?" आणि तू हात पुढं केलेस. आणि आई, तिनं तुझ्या हातात तिचं मूल दिलं! तेव्हा मला त्यात काहीच विशेष वाटलं नव्हतं, मला करपलेल्या भाकरीची काळजी. आज विचार करते आणि अंगावर काटा येतो. तुझ्या जागी मी असते तर दाराला कडी घालून जन्मभर आत बसले असते. तू एवढी मोठी होतीस, आणि आम्ही तुला रोज स्वयंपाकघरात बघत होतो.

काल मीही डोळे मिटले. एक गाल, मग दुसरा. तुला काय कळायचं कोण जाणे, मला नक्की असं काहीच कळलं नाही. वारं होतं, मोहराचा वास होता, मधमाश्यांची गुणगुण होती. मग लेक बाहेर आली आणि तिनं पोरीचं टोपडं काढलं. पोरीनं डोळे बारीक केले, आणि एवढंसं तोंड उघडून हवा प्यायल्यासारखी आत घेतली. समोर एवढा थोरला सह्याद्री आणि त्याच्यापुढं ते बोराएवढं नाक, फुलतंय, मिटतंय. भाऊसुद्धा तिच्यापुढं वाकून हळू आवाजात बोलायला लागला. मी रडले, सांगायला लाज नाही. आज सकाळपर्यंत तिची छाती साफ आहे, उद्याचं मला माहीत नाही.

हे पत्र कुठं टाकणार, ते माझ्याजवळच राहील. पण लेक बाहेर कशी आली, ते तुला सांगायला हवं. ती उंबऱ्यावर अडून राहिली होती, पाऊल उचलेना. तुझ्या हाळीची गोष्ट तिनं माझ्याकडून ऐकलीय, पण आपल्या धाकट्याचं तिला काहीच माहीत नाही. तिनं विचारलं, "मम्मी, आजीचं कधी चुकलं होतं?"

मी म्हणाले, "तुझ्या आजीचं? कधीच नाही."